तबकडीखालची जमीन

सराफाच्या पेढीवरचा काटा काचेच्या पेटीत का ठेवतात, हे व्यापारी घरातील मुलाला कोणी मुद्दाम शिकवीत नाही. पेढीवर बसता बसता ते त्याला कळते. छताचा पंखा चालू असला की उघडे पारडे स्थिर होत नाही. गादीवरून कोणी उठले, शेजारी तिजोरीचे दार आपटले, तरी काटा थरथरतो. विजेवर चालणारे काटे आले, आकडे दिसू लागले, तरी काचेची पेटी गेली नाही. पायांखालचे फिरकीचे स्क्रू आणि पाणसळीचा लहानसा बुडबुडाही राहिला. काट्याला सोने आणि वारा यांतला भेद कळत नाही. पारड्यावर जो दाब पडेल तो वजन म्हणून सांगायचा, एवढेच त्याला ठाऊक असते. त्याच्यापर्यंत काय पोहोचू द्यायचे आणि काय नाही, हे पाहणे पेढीच्या मालकाचे काम.

रेकॉर्ड वाजवणारे यंत्र, ज्याला आता सगळे टर्नटेबल म्हणतात, ते याच जातीचे आहे. लोक त्याला गाण्याचे यंत्र समजतात आणि म्हणून दिवाणखान्यात जिथे शोभेल तिथे ठेवतात. खरे पाहता ते कंप मोजण्याचे यंत्र आहे. एल.पी. तबकडीवरील खाच बारीक केसाएवढी रुंद असते आणि तिच्या दोन्ही अंगांवर सूर कोरलेले असतात. त्यांतली सर्वांत लहान वळणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. अशी खाच तबकडीच्या एका बाजूवर सलग साडेचारशे ते पाचशे मीटर भरते, आणि तिच्यातून हिऱ्याची सुई जाते ती अवघ्या दोन ग्रॅमच्या भाराने, म्हणजे सराफाच्या जुन्या हिशेबाने जेमतेम दोन मासे. सुई आणि तिला धरणारी भुजा यांच्यात जी काही हालचाल होईल, ती त्या यंत्राच्या लेखी संगीत. मग ती हालचाल गवयाच्या गळ्यातून आलेली असो किंवा जिन्यावरून धावत आलेल्या मुलाच्या पायांतून.

यात आणखी एक मेख आहे. खर्जातले सूर तबकडीवर पुऱ्या जोराने कोरले तर खाच इतकी रुंद डोलेल की एका बाजूवर दहा मिनिटेही मावणार नाहीत. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि वाजवताना ॲम्प्लिफायर तो पुन्हा उचलतो. 1954 पासून रूढ झालेल्या प्रमाणानुसार, सेकंदाला हजार कंपने असलेल्या मधल्या सुराच्या तुलनेत वीस कंपनांचा सूर वाजवताना सुमारे दहापट उचलला जातो. पावलांचे, दारांचे, मोटारींचे हादरे नेमके याच खालच्या पट्ट्यात राहतात. गाण्याचा खर्ज परत मिळवण्यासाठी जे दार उघडले, त्यातून घराची सगळी धडधड दहापट होऊन आत येते.

आजोबा-पणजोबांच्या ग्रामोफोनला हा रोग नव्हता. चावीच्या त्या पेटीत पोलादी सुई असे, तिच्यावर ध्वनिपेटीचा शंभर ग्रॅमहून अधिक भार असे, खाच दुप्पट-तिप्पट रुंद, आणि मुख्य म्हणजे ॲम्प्लिफायरच नसे. सुईने जे पकडले ते भोंग्यातून बाहेर पडले, त्याला कोणी वाढवीत नव्हते. त्या तबकड्या लाखेच्या. (श्रावकाला वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे, याची आठवण ज्या घरांना होती त्या घरांतही लाखेच्या काळ्या तबकड्या बिनदिक्कत वाजत. लाख दागिन्याच्या पोटात शिरली काय किंवा गाण्याच्या, ग्राहकाच्या डोळ्यांना ती दिसत नाही.) प्लॅस्टिकची एल.पी. 1948 साली अमेरिकेत आली, सूर स्वच्छ झाले, सुई हलकी झाली, आणि त्याबरोबर हा नाजूकपणाही घरात आला.

यवतमाळातील एका जैन घरात हा नाजूकपणा फार महागात पडत होता. घर जुने, कापसाच्या व्यापारावर उभे राहिलेले. खाली पेढी आणि गोदाम, वर माडी. भिंती चुन्यात बांधलेल्या, अठरा इंची विटेच्या. माडीची जमीन कडीपाटाची, म्हणजे सागवानी कड्या आणि त्यांवर फळ्या. या जिल्ह्यात सागवानाला तोटा नव्हता, त्यामुळे कड्याही सढळ हाताने घातलेल्या. तरी लाकूड ते लाकूड. माणूस चालला की कडी किंचित दबते आणि परत उठते, आणि डोळ्यांना न दिसणारा तो झोका खोलीच्या मधोमध सर्वांत मोठा असतो.

घरातले कर्ते, ज्यांना घरी आणि बाजारातही बाबूजी म्हणतात, सत्तरीला टेकल्यावर पेढी मुलाच्या हाती देऊन माडीवर बसू लागले. पत्नीने हौसेने जमवलेल्या सुमारे दोनशे तबकड्या तिथे होत्या. बऱ्याचशा नागपूरला सीताबर्डीवर लग्नाच्या खरेदीला गेले असताना आणलेल्या. त्या गेल्यानंतर दोन वर्षे तबकड्यांना कोणी हात लावला नाही. मग परदेशातून येणाऱ्या एका नातलगाने चांगले टर्नटेबल आणून दिले, आणि बाबूजी रोज संध्याकाळी एक-दोन बाजू ऐकू लागले.

अडचण पहिल्याच आठवड्यात आली. नातू धावत आला आणि सुई उडाली. दुसऱ्या वेळी ती उडून तबकडीवर घसरली आणि एक ओरखडा कायमचा राहिला. ती तबकडी आजही वाजते, पण प्रत्येक फेऱ्याला एकदा, मिनिटाला तेहेतीस वेळा, तिच्यातून 'टक्' असा आवाज येतो. त्या दिवसापासून घरात नियम झाला: रेकॉर्ड लागली की माडीवर कोणी चालायचे नाही. बाबूजी रागीट नाहीत. पण ती तबकडी कोणाची होती हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे नियम रागावण्यापेक्षा अधिक कडक झाला. मुले माडीवर यायची थांबली. सूनबाई चहाचा कप जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून, हलकेच 'बाबूजी, चहा' म्हणून, तिथूनच परतू लागल्या. ज्या खोलीत पूर्वी संध्याकाळी सगळे घर गोळा होई, त्या खोलीत एक वृद्ध गृहस्थ एकटे बसून गाणे ऐकत आणि मधूनमधून जिन्याकडे संशयाने पाहत.

यंत्राला घराचे वागणे जमले नाही, तर घराने यंत्राचे वागणे शिकावे, असा हा तह होता. अनेक घरांत टर्नटेबल अखेरीस बासनात जाते ते याच तहापायी.

बाबूजींनी आधी जो उपाय केला, तो कोणीही करील असा होता. जड वस्तू हलत नाही, या समजुतीने त्यांनी तीस किलोची ग्रॅनाइटची फरशी आणून टर्नटेबलखाली ठेवली. काही फरक पडला नाही. उलट टेबल खोलीच्या मध्याकडे होते, त्यामुळे कड्यांवर भार वाढून झोका अधिक संथ आणि मोठा झाला. फरशी बसवायला आलेल्या सुतार मिस्त्रीने त्याच वेळी सांगितले होते, "शेटजी, गोटा किती बी जड ठेवा, कडी हालली का गोटा हालतेच." बोटीवर हत्ती उभा केला म्हणून बोट डोलायची थांबत नाही, असाच त्याचा अर्थ. जडपणाचा उपयोग आहे, पण तो कुठे, हे पुढे येईल.

नंतर फोम आला. गादीवाल्याकडून आणलेला दोन इंची तुकडा पहिले काही दिवस बरा वाटला, मग भाराने चेपून पापडासारखा झाला. त्यानंतर टर्नटेबलच्या पायांखाली घालायच्या रबरी चकत्या.

या चकत्या का चालल्या नाहीत, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण बाजारात सर्वांत जास्त खपतात त्या याच. किल्ल्यांचा जुडगा एका लांब रबराला बांधून हातात धरावा. हात अगदी सावकाश वरखाली केला तर जुडगा हाताबरोबर जातो. रबर असून नसल्यासारखे. हात थोडा जलद केला की एका विशिष्ट गतीला जुडगा हाताहून कितीतरी अधिक उड्या मारू लागतो. त्याहून जलद, भराभर हात हलवला, तर मौज होते: हात थरथरतो आणि जुडगा जवळजवळ जागच्या जागी राहतो. हादऱ्यापासून सुटका म्हणजे ही तिसरी अवस्था. मधल्या गतीला त्या रबराची स्वतःची गती म्हणतात. हादऱ्याची गती तिच्या साधारण दीडपट झाली की मगच सुटका सुरू होते. तिच्या आसपास असली तर उपायच रोग वाढवतो, आणि तिच्या खाली असली तर उपाय नसल्यातच जमा.

आता ही स्वतःची गती ओळखायला कोणतेही उपकरण लागत नाही. भार ठेवल्यावर स्प्रिंग किंवा रबर किती दबले, एवढे पट्टीने मोजावे. एक सेंटिमीटर दबले तर गती सेकंदाला पाच, चार सेंटिमीटर दबले तर अडीच. रबरी चकती दबते एखादा मिलिमीटर, म्हणजे तिची गती सुमारे सोळा. माणसाची चाल सेकंदाला दोन पावलांची आणि तिच्याने हेलकावणारी लाकडी जमीन सेकंदाला आठ-दहा कंपनांची. सोळाची चकती त्यांना अडवणार कशी? पाऊल तिच्यातून सरळ पार होते. ही चकती विकणाऱ्याने खोटे सांगितलेले असतेच असे नाही. स्पीकरमधून निघणाऱ्या वरच्या सुरांचा कंप ती थोडाफार अडवते. पण घराची तक्रार पावलांची होती.

जडपणाची जागा इथे आहे. तीस किलोची फरशी कडीवर नुसती ठेवली तर व्यर्थ, पण मऊ स्प्रिंगवर ठेवली तर ती स्प्रिंगला पुष्कळ दाबते आणि तिची गती खाली आणते. म्हणून जिथे जमीन सिमेंटच्या स्लॅबची आहे, तिथे सायकलची अर्धवट हवा भरलेली ट्यूब, तिच्यावर दगडी फरशी आणि तिच्यावर टर्नटेबल, हा स्वस्त उपाय पुष्कळ ठिकाणी उत्तम चालतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात मात्र ट्यूब महिन्याभरात एका बाजूने बसते आणि सगळे तिरके होते, हे धरून चालावे.

दिवाळीत वणीचे सराफ भाचे भेटीला आले. मामांनी जिन्याकडे पाहत बसावे, हे त्यांना चमत्कारिक वाटले. त्यांनी टर्नटेबलची मोटर बंद केली, थांबलेल्या तबकडीवर सुई ठेवली आणि आवाज थोडा ठेवून मुलाला खोलीत चालायला सांगितले. स्पीकरमधून ढब् ढब् ऐकू आले. मग मुलाला थांबवून त्यांनी आवाज हळूहळू वाढवला. एका जागेपासून पुढे, कोणी हलले नसताना, स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा सूर आपोआप उठू लागला आणि चढत गेला. त्यांनी लगेच आवाज खाली आणला. तसे न केले तर स्पीकर जळू शकतो.

"मामाजी, रोग दोन आहेत. एका औषधाने दोन्ही जाणार नाहीत," भाचे म्हणाले. "आमच्याकडे काट्याला एक पेटी असते आणि एक ओटा असतो. पेटी वाऱ्यासाठी, ओटा हादऱ्यासाठी. तुम्ही ओट्यावरच सगळा पैसा घातला."

दुसरा रोग असा की स्पीकर आणि टर्नटेबल एकाच लांब कपाटावर होते. स्पीकर वाजला की कपाट थरथरे, कपाटाची थरथर सुईला कळे, सुई ती ॲम्प्लिफायरला सांगे आणि ॲम्प्लिफायर ती वाढवून पुन्हा स्पीकरला देई. उधारीचे व्याज मुद्दलात मिळावे आणि त्यावर पुन्हा व्याज चढावे, तसा हा प्रकार. 'घूं' होईपर्यंत वाढला तर ऐकू येतो. पण त्याच्या किती तरी आधी तो खर्जाला चिखलासारखे करून टाकतो, तबल्याच्या बायाचा ठोका उठून दिसत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटते तबकडीच जुनी झाली. बाबूजींनाही तसेच वाटत होते. साठ-सत्तरच्या दशकांत पेटीवजा प्लेअर घरोघरी आले, त्यांतल्या काहींत स्पीकर पेटीतच असे. त्यांचा आवाज एका मर्यादेपुढे वाढवता येत नसे, त्याचे एक कारण हेच.

इलाज पावलांच्या रोगापासून सुरू झाला. कडीपाटावर स्प्रिंग वापरायची तर ती फार मऊ हवी आणि फार मऊ स्प्रिंग टर्नटेबलला पाळण्यासारखे डोलवते. त्यापेक्षा जमीनच सोडावी. मिस्त्रीला पुन्हा बोलावले. अठरा इंची भिंत कड्यांवर उभी नाही, ती थेट पायातून वर आली आहे. टर्नटेबल भिंतीला टांगले की मुलांनी जमिनीवर काहीही करावे. मात्र कोणती भिंत, हा प्रश्न मिस्त्रीने काढला आणि तो फार मोलाचा ठरला. कड्यांची टोके समोरासमोरच्या दोन भिंतींत शिरलेली असतात, त्या भिंतींना कडीचा धक्का थोडा तरी पोहोचतो. उरलेल्या दोन भिंती कड्यांना समांतर, त्यांचा कड्यांशी फारसा संबंध नसतो. त्या दोघींपैकी एकीला जिना चिकटलेला, म्हणून ती बाद. उरलेलीत खिडकी आणि खिडकीत कूलर.

विदर्भाबाहेरच्या वाचकांना कूलरचे महत्त्व सांगावे लागेल. यवतमाळात मार्च सरता सरता खिडकीला लोखंडी पेटीचा कूलर लागतो तो पावसाळा येईपर्यंत उतरत नाही. त्याची मोटर मिनिटाला सुमारे चौदाशे फेरे घेते, म्हणजे सेकंदाला तेवीस, आणि पंख्याचे एक पाते जरा वाकलेले असले की तेवीसचा अखंड कंप खिडकीच्या चौकटीतून भिंतीत उतरतो. हा सूर फार खाली असल्यामुळे कानाला जाणवतो न जाणवतो, पण ॲम्प्लिफायर त्यालाच पुष्कळ उचलतो आणि स्पीकरचा पडदा उगीच आतबाहेर होत राहतो. गाण्याशी त्याचा काही संबंध नसतो. कूलर खिडकीतून काढून बाहेर वेगळ्या लोखंडी स्टँडवर ठेवला, चौकट आणि पेटी यांच्यात कापडाची पट्टी दिली, आणि भिंत मोकळी झाली. घरात सगळ्यांनी ऐकली ती सुधारणा निराळीच: रात्री कूलरची घरघर कमी झाली.

भिंतीला दोन लोखंडी अँगल बसले, त्यांवर एका जुन्या दाराची सागवानी फळी. खोलीच्या कोपऱ्यापासून ती मुद्दाम दूर घेतली, कारण खर्ज कोपऱ्यात साठतो. फळी जड नको, ताठ हवी, असा भाच्यांचा आग्रह होता आणि तो बरोबर होता. भिंतीला टांगलेल्या जड वस्तूने अँगलच वाकून डोलू लागतात. फळीवर आणखी एक पातळ फळी तीन स्क्रूंवर टेकवली. चार पायांचे टेबल कुठेही डगमगते, तिवई डगमगत नाही, आणि तीन स्क्रूंनी पाणसळ साधणेही सोपे. ग्रॅनाइटची तीस किलोची फरशी खाली स्वयंपाकघरात गेली. तिच्यावर आता पापड लाटतात.

मग स्पीकर. ते कपाटावरून उतरले आणि भिंतीलगत, जिथे कड्यांची टोके आहेत तिथे जमिनीवर आले. कडी मधोमध हलते, टोकाशी ताठ असते, त्यामुळे तिथे ठेवलेला स्पीकर जमिनीला कमी हलवतो. त्यांच्याखाली शहाबादी फरशीचे तुकडे आणि त्याखाली ट्रकच्या ट्यूबचे कापलेले चौकोन. स्पीकरच्या बाबतीत ही चकती कामाची, कारण स्पीकरचा कंप पावलांपेक्षा जलद असतो. टर्नटेबलचे पारदर्शक झाकण वाजवताना काढून ठेवायचे, असेही ठरले. पातळ झाकण हवेतला आवाज तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा झेलते आणि सुईपर्यंत नेते. धुळीच्या गावात हा नियम जाचक आहे, आणि बाबूजी तो नेहमी पाळतात असे नाही.

या साऱ्यात नवे काही नव्हते. 1961 साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी अकूस्टिक रिसर्च या आपल्या कंपनीतर्फे जे टर्नटेबल काढले, त्यात फिरती थाळी आणि सुईची भुजा एकाच पट्टीवर बसवून ती पट्टी तीन स्प्रिंगांवर पेटीत टांगली होती. पेटीवर लाकडी हातोडी मारली तरी सुई उडत नाही, असे त्याचे प्रात्यक्षिक दाखवीत. त्यातली खरी युक्ती स्प्रिंगपेक्षा त्या एका पट्टीत होती. थाळी आणि भुजा दोन्ही मिळून हलल्या तर सुईला काहीच कळत नाही. एक हलली आणि दुसरी नाही, की कळते. स्विस थोरेन्स आणि स्कॉटलंडच्या लिन कंपनीची गाजलेली यंत्रे याच वाटेने गेली. गंमत अशी की हीच टांगलेली यंत्रे लाकडी जमिनीवर कधी कधी साध्या यंत्राहून वाईट वागतात, कारण त्यांच्या स्प्रिंगची गती सेकंदाला तीन ते पाच, आणि माणसाची चाल व जमिनीचा हेलकावा तिच्या फार जवळ येतो. किल्ल्यांच्या जुडग्याची ती मधली अवस्था. त्यांच्या मालकांनाही शेवटी भिंतच शोधावी लागते.

आणि ज्यांना हे सगळे एका छंदापायी केलेले अतिरेकी सोपस्कार वाटत असतील, त्यांनी यवतमाळला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्याकडे पाहावे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. अपेक्षित खर्च 2,600 कोटी रुपये. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या टोकांना आरसे असतील. अमेरिकेतील वेधशाळांत असे चाळीस किलोचे आरसे काचेच्या बारीक तंतूंनी, एकाखाली एक अशा चार लोलकांच्या साखळीला टांगलेले आहेत. 14 सप्टेंबर 2015 रोजी तिथे पहिली गुरुत्वीय लहर सापडली तेव्हा आरशांतले अंतर अणुकेंद्रातल्या प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी बदलले होते. तिथेही प्रश्न हाच: दूरच्या ताऱ्यांकडून आलेला कंप आणि रस्त्यावरून गेलेल्या ट्रकचा कंप, आरशाला दोन्ही सारखेच. आणि उत्तरही तेच: शांत जागा आधी शोधा, मग वजन टांगा. त्यांचे मिस्त्री अधिक शिकलेले आहेत, एवढाच फरक.

माडीवरच्या फळीवर टर्नटेबल बसल्यानंतर पहिल्या संध्याकाळी भाच्यांनी तीच परीक्षा पुन्हा केली. थांबलेल्या तबकडीवर सुई, मूल खोलीभर धावते आहे, आणि स्पीकरमधून काही नाही. बाबूजींचा विश्वास बसला नाही. त्यांनी स्वतः उठून, काठी टेकत, खोलीच्या मधोमध दोनदा पाय आपटला. मग आवाज वाढवला, तरी नेहमीच्या ऐकण्याच्या कितीतरी पुढे जाईपर्यंत 'घूं' उठला नाही. खर्ज उघडा झाल्यावर बऱ्याच तबकड्या नव्या वाटू लागल्या. एका ध्वनिमुद्रणात तंबोऱ्याचा खर्ज दोन जोडींचा आहे, हे बाबूजींना चाळीस वर्षांनी प्रथम ऐकू आले. पत्नीने ते त्यांना पूर्वी सांगितले होते आणि त्यांनी मानले नव्हते, असे ते हसत सांगतात.

नियम कोणी रद्द केला नाही. तो आपोआप विसरला गेला. मुलांना सवय लागायला बराच काळ गेला. पहिले काही दिवस तबकडी लागली की ती जिन्यातच पाय रोवून उभी राहत, आणि बाबूजींना 'या, या, काही होत नाही' असे हाताने बोलवावे लागे. सूनबाई आता चहा आत आणतात आणि तिथेच बसून भाजी निवडतात. टक् टक् करणारी तबकडीही क्वचित लागते. तिला भिंतीचा काही उपयोग नाही.

एक काम मात्र उरलेच. यवतमाळची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाचे पाणी प्याली की फुगते. तिच्यावरच्या जुन्या भिंती वर्षभरात केसाएवढ्या इकडेतिकडे होतात. घराला त्याने काही होत नाही, पण दोन मासे भाराच्या सुईला तेवढा उतार कळतो. म्हणून लहान पाणसळ त्या फळीवर कायमची ठेवलेली असते. जूनमध्ये बुडबुडा मध्यावर असतो आणि पर्युषण येईपर्यंत खिडकीच्या अंगाला सरकतो. मग नातू स्टुलावर चढून पुढचा स्क्रू पाव फेरा फिरवतो, आणि बाबूजी खुर्चीत बसून, चष्मा कपाळावर सारून, अजून जरासा, म्हणून सांगतात.